क्लीनर साइड

चाक काढून उघड्या पडलेल्या डाव्या हबवर विभावरीनं तेलाचा फवारा मारला आणि पान्याला जोर लावायला वाकली, तेवढ्यात अण्णांनी पाना तिच्या हातातून काढून घेतला.

"गंजलेल्या नटाशी भांडायचं नाही, पोरी. त्याला तेल पाजायचं, आपण चहा प्यायचा. तोवर आपोआप नरमतो."

"माणसासारखंच की," विभावरी म्हणाली, आणि सासरा-सून खळखळून हसले.

मागे रचलेल्या टायरांवर थर्मास मांडीवर घेऊन बसलेल्या सत्यजितला काही हसू आलं नाही. जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमधल्या या मीटवेर्कश्टाटमध्ये जागा आणि लिफ्ट भाड्यानं मिळायची, गाडी आपली आपण दुरुस्त करायची. बुकिंग त्यानं केलं होतं, काउंटरवरच्या बाईशी जर्मनमध्ये हुज्जत त्यानं घातली होती. आणि आत शिरल्याबरोबर अण्णा काय म्हणाले? "तू तिकडं बस. शर्ट खराब होईल."

तेच वाक्य! मिरजेच्या गॅरेजमध्ये लहानपणभर ऐकलेलं. दाराशी खुर्ची, मांडीवर गणिताचं पुस्तक, आणि पान्याला हात लावायचा नाही. अख्ख्या गावाच्या गाड्या ज्यांनी सुधारल्या, त्यांनी पोटच्या पोराला साधा स्पार्क प्लग काढायला शिकवलं नाही. सत्यजित पुढं मोटारींचा इंजिनिअर झाला, पण स्क्रीनवरच्या मोटारींचा. आणि आता इकडं राहायला आलेले हेच अण्णा सॉफ्टवेअरवाल्या सुनेकडून तिच्या म्हाताऱ्या गाडीची बाराखडी गिरवून घेत होते. जेवताना ब्रेक, भांडी लावताना क्लच! सख्ख्या बायकोचा आपण हेवा करतोय हे त्याला कळत होतं, त्याची लाजही वाटत होती. पण पोटात दुखायचं ते दुखतच होतं.

"क्लीनर साइडचं बेअरिंग गेलंय," सकाळी गाडीत बसल्या बसल्या अण्णांनी निदान केलं होतं. "माझ्या पायाखालीच घोंघावतंय बघ."

निदान खरं होतं. मागच्या सीटवर सत्यजितलाही ते ऐकू आलं होतं. पण अण्णांनी जन्मभर मिरजेत ड्रायव्हरशेजारी बसून गाड्या ऐकल्या होत्या, आणि तिथं क्लीनर बसतो डावीकडं. इथं स्टिअरिंगच डावीकडं, त्यामुळं सकाळी विभावरीशेजारी बसलेले अण्णा उजवीकडं होते. कान बरोबर होता, पाय मात्र सवयीनं डाव्या चाकाकडं गेले.

हे सत्यजितच्या केव्हाच लक्षात आलं होतं. तो मुद्दाम बोलला नाही. उघडू दे चांगलं चाक. बसवू दे नवं बेअरिंग. परत जाताना तोच आवाज आला की सुनेपुढं गुरुजींची चांगली जिरेल. सोमवारच्या सक्तीच्या ट्युफ तपासणीत गाडी नापास झाली तर होऊ दे.

चहा संपला. विभावरीनं पाना लावला आणि नट कुरकुरत फिरला.

"शाब्बास गं माझ्या वाघिणी!"

सत्यजितनं मान खाली घातली. बारावीच्या मार्कांनासुद्धा त्याला असं 'शाब्बास' मिळालं नव्हतं.

मग अण्णांनी हातोडी उचलली. एकदा ठोकलं की ते धडधाकट बेअरिंग कामातून जाणार होतं. अण्णांचा हात चुकताना सत्यजितनं कधी पाहिला नव्हता, आणि आता, इतका वेळ वाट बघून, त्याला ते पाहवेना.

"अण्णा, उजवं."

हातोडी थांबली.

"इथं सगळं उलटं आहे," सत्यजित म्हणाला. "सकाळी तुम्ही उजवीकडं बसला होता."

विभावरी पलीकडं गेली. तिनं उजवं चाक हातानं गरकन फिरवलं आणि अण्णांनीच शिकवल्याप्रमाणं वरच्या स्प्रिंगवर बोटं टेकली.

"खरखर लागतेय हाताला, अण्णा."

आता हे चिडणार, सत्यजितला वाटलं. दुसरीत असताना त्यानं दाराशी बसून असंच, गिऱ्हाइकासमोर, "अण्णा, आवाज दुसऱ्या चाकातनं येतोय" म्हटलं होतं आणि सणसणीत मुस्काटात खाल्ली होती.

अण्णांनी हातोडी खाली ठेवली. फडक्यानं एकेक बोट पुसत राहिले.

"त्या दिवशीपण तू बरोबर होतास."

"मग मारलंत कशाला?"

"म्हणूनच मारलं." अण्णा फडक्याकडंच बघत होते. "माझा कान तुझ्यात आलेला. एकदा पाना हातात दिला असता, तर हलला नसतास तिथनं. गॅरेजमधल्या माझ्याच खड्ड्यात म्हातारा झाला असतास. मला भ्याच वाटलं. हिचं काय, ही शिकली तरी उद्या ऑफिसलाच जाणार."

विभावरीनं आपला पाना उजव्या चाकाखाली नेऊन ठेवला, सत्यजितच्या मांडीवरचा थर्मास उचलला आणि म्हणाली, "ऊठ, मला बसू दे."

तो उठून अण्णांसमोर उभा राहिला. अण्णांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"शर्ट काढून ठेव," ते म्हणाले. "खराब होईल."