चेंडू आत जात नाही

हेल्मेट निवडायला मला बरोबर न्यायचं ठरलं, कारण अख्ख्या क्लबात फुटलेलं तोंड एकट्या माझं होतं. "तुला अनुभव आहे," असं नवरा म्हणाला आणि वर हसला. त्याला असं सहज हसता येतं. माझ्या डाव्या गालाच्या हाडात प्लेट घातलीय आणि वरचे दोन दात खोटे आहेत, त्यामुळे मला हसण्याआधी विचार करावा लागतो.

आम्ही सायकल पोलो खेळतो. बंद पडलेल्या गोदामामागे गाड्या लावायची सिमेंटची मोकळी जागा आहे, तिथे रविवारी सकाळी जमतो. एका बाजूला तिघं. एका हातात सायकलचं हँडल, दुसऱ्यात लांब काठी, आणि त्या काठीने कडक प्लॅस्टिकचा चेंडू समोरच्या गोलात घालायचा. बाजू ठरवायची रीत अशी, की खेळणाऱ्यांच्या काठ्या एकत्र टाकायच्या, एकाने न बघता त्यांचे दोन ढीग करायचे, आणि ज्याची काठी ज्या ढिगात तो त्या बाजूचा. त्यामुळे कधीकधी नवरा-बायको समोरासमोर येतात. बघणाऱ्यांना त्याची फार मजा वाटते.

त्या रविवारी आम्ही समोरासमोर आलो. मी त्याच्याकडून चेंडू काढून घेतला. थोड्या वेळाने परत काढला. तिसऱ्यांदा काढला तेव्हा कडेला बसलेल्यांनी शिट्ट्या मारल्या आणि कोणीतरी ओरडलं, "कप्तान, घरी काय हाल असतील हो तुमचे!" क्लबात त्याला कप्तान म्हणतात. मी खाली चेंडूकडे बघत वळले आणि गालात काहीतरी घुसलं. चेंडू माझ्या पुढच्या चाकापाशी होता, तो मला स्पष्ट दिसत होता. घुसलं ते नवऱ्याच्या काठीचं मागचं टोक. अंगठ्याएवढी जाड ॲल्युमिनियमची नळी. तिच्या तोंडाला बूच लावायचं असतं, ते त्याने आळसापायी कधी लावलंच नव्हतं.

दवाखान्यात जाताना माझं डोकं त्याच्या मांडीवर होतं. तो वाकून म्हणाला, "चेंडू लागला म्हण. नाहीतर लोक म्हणतील नवऱ्याने मारलं." मला पटलं. तो रडकुंडीला आला होता, आणि चुकून झालेल्या गोष्टीसाठी त्याला लोकांच्या तोंडी कशाला द्यायचा? मी डॉक्टरांना चेंडू सांगितलं, आईला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूसही आधी माझ्या गालाकडे बघतो आणि मग खोकतो. त्या सगळ्यांना मी चेंडूच सांगत आले.

लोकांसाठी ते ठीक होतं. पण हळूहळू घरातही तो चेंडूच झाला. एकदा जेवताना मी म्हटलं, "तुझ्या काठीला आता तरी बूच लाव." तर म्हणाला, "काठीचा काय संबंध?" हे त्याने इतक्या साळसूदपणे विचारलं, की हातातला घास तसाच धरून मी त्याच्याकडे बघत राहिले. तो शांतपणे पाणी प्यायला आणि त्याने ताट उचललं. तेव्हापासून मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. एकदा, एका तरी माणसासमोर, त्याने 'माझी काठी लागली' एवढं म्हणावं. माफीबिफी नको होती. आणि तेवढंही त्याच्याच्याने होत नसेल, तर मी कोणाबरोबर राहतेय ते मला पहिल्यापासून तपासून बघावं लागणार होतं.

माझं तोंड बघून क्लबाला जाग आली. सगळ्यांना तोंडावर जाळी असलेली हेल्मेटं घ्यायची ठरली आणि निवडायचं काम अर्थातच कप्तानाकडे आलं. आमच्याबरोबर बारकी आली. बारकी म्हणजे माझी नणंद. माझ्याहून वीतभर उंच आहे, पण घरात धाकटी, म्हणून जन्मभर बारकी. ती गोल सांभाळते. हेल्मेट घालून काठी नीट फिरवता येते का ते बघायला तिने स्वतःची काठी आणली होती.

दुकान बोळासारखं लांबट होतं. दोन्ही भिंतींवर छतापर्यंत हेल्मेटं टांगलेली. दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "नेमकं काय अडवायचंय?"

"चेंडू," नवरा म्हणाला आणि खिशातून आमचा चेंडू काढून त्याने काउंटरवर ठेवला.

मी पारदर्शक काचेचं एक घालून बघितलं. चार श्वास घेतले तोवर काच धुरकटली, दुकानदारच दिसेना. ते परत गेलं. मग जाळ्या निघाल्या. एक रुंद फटींची, हलकी, समोरचं सगळं स्वच्छ दाखवणारी. दुसरीचे गज जवळजवळ होते. ती जड होती आणि खाली बघताना गज डोळ्यांपुढे यायचे. बारकीला साहजिकच पहिली आवडली.

"हिच्यात मी निदान माणूस दिसते," ती म्हणाली. "त्या दुसरीत खुराड्यातली कोंबडी." आणि ती हेल्मेट घेऊन मागच्या आरशाकडे गेली.

नवऱ्याने दुसरं तसलंच हेल्मेट उचललं, गजांवर चेंडू दाबला, इकडून तिकडून फिरवला. "बघ, चेंडू आत जात नाही. मग झालं तर!" त्याने ते डोक्यावर चढवलं आणि माझ्याकडे वळून मान हलवून दाखवली.

तो खरंच विसरला असेल हे शक्य नव्हतं. मी काउंटरला टेकवलेली बारकीची काठी उचलली, उलटी धरली. "हलू नकोस," म्हटलं, आणि तिचं मागचं टोक दोन गजांमधून अलगद आत सरकवलं. काही अडलं नाही. टोक त्याच्या डाव्या गालाला लागलं तिथे मी थांबले.

त्याचे डोळे आत मोठे झाले. आता बोलेल, असं मला वाटलं. बोलायला आणखी काय हवं असतं माणसाला?

दुकानदार पुढे वाकला. "अरेच्चा! साहेब, तुमच्या खेळात काठीपण लागते का?"

"नाही हो. सहसा नाही," नवरा म्हणाला. त्याने हेल्मेट काढलं, केस नीट केले. "पण मला ती बारीक फटींची द्या. बाकी सगळी हीच, रुंदवाली."

"बाकी सगळी?" मी विचारलं.

"अगं, सगळ्यांना बारीक घेतली तर का म्हणून विचारतील ना." आवाज खाली आणून, माझी समजूत घातल्यासारखं तो बोलत होता.

"आणि बारकी?"

"तिला गोलात नीट दिसायला हवं."

सख्ख्या बहिणीचा डोळा गेला तरी चालेल, पण कोणी विचारता कामा नये. मला इतका संताप आला की गाल आतून ठणकायला लागला. तो दुकानदाराबरोबर माप द्यायला दुसऱ्या टोकाला गेला आणि मी तरातरा आरशापाशी गेले.

"बारके, हे घेऊ नकोस. मला चेंडू लागला नव्हता. तुझ्या दादाची काठी लागली होती."

ती हनुवटीखालचा पट्टा आवळत होती. बोटं तेवढी थांबली. "माहितीये वहिनी. मी गोलात होते ना. समोरच तर झालं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तूच चेंडू म्हणालीस. मला वाटलं, तुमच्या दोघांचं ठरलंय. बाकीचेही म्हणाले, नवरा-बायकोच्या मध्ये आपण कशाला पडा."

"बाकीचेही?"

"सगळे बघतच होते की."

म्हणजे भेटायला येऊन, 'हा चेंडू फार वाईट हो' म्हणत माझ्याकडचा चहा पिऊन गेलेल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं ते फक्त मीच, कारण मी खाली बघत होते. आणि जे मी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं, ते तोंडून निघून गेलं.

"चुकून लागली ना गं?"

बारकीने दादाकडे बघितलं. तो नव्या जाळीवर बोटांनी टकटक करून दुकानदाराला काहीतरी गमतीचं सांगत होता. मग तिने पट्टा सोडला, डोक्यावरचं रुंद फटींचं हेल्मेट काढलं आणि ते भिंतीवरच्या खुंटीला परत अडकवलं.

"काका," तिने हाक मारली, "मलाही बारीक फटींचंच द्या."

मला उत्तर मिळालं. दुकानदाराने तिला दुसरं आणून दिलं. तिने ते घातलं, मान खाली-वर केली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"आणि ताई, तुम्हाला?"

"हिलाही बारीकच द्या," नवरा जवळ येत म्हणाला. "परत तोंड फुटलं तर ताप माझ्याच डोक्याला."

"मला नको," मी म्हटलं. "मी आता तुझ्याबरोबर खेळणार नाही."

"अगं, एवढ्याशा चेंडूला घाबरलीस?"

हे तो बारकीसमोर म्हणाला, आणि बारकीने जाळीखालचा हनुवटीचा पट्टा आणखी घट्ट आवळला.