पंचविसावं नाव

"आज त्याच्याकडे पंचवीस माग," सकाळी देवापुढच्या दिव्यात तेल घालताना ताई म्हणाली. "शंभर नकोत, हजार नकोत. पंचवीस फक्त."

"असलं काही मागत नाही मी."

"तू मागत नाहीस म्हणून तर तो देत नाही. त्याला काय स्वप्न पडतंय?"

ताई माझी थोरली बहीण. तिचे गुडघे गेल्यापासून घरात कमावणारी मी एकटी. विद्यापीठात मी पहिल्या वर्षाच्या मुलांना अर्थशास्त्राची तोंडओळख करून देते: अर्धं वर्ष माणसाचा बाजार, अर्धं वर्ष देशाचा. तासावर पैसे. नऊ वर्षं झाली, पण अजून मी 'तात्पुरती'च आहे. नियम असा, की पाचव्या आठवड्याच्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता वर्गाच्या यादीत पंचवीस नावं असली तर वर्षभर कुणी हात लावत नाही. एक जरी कमी पडलं, तर वर्ग बंद, मुलं दुसऱ्या विषयात, आणि बाई घरी. आज तो शुक्रवार होता आणि यादीत बरोबर पंचवीस नावं होती.

सव्वाअकराला त्या वर्गातली एक मुलगी माझ्या टेबलाशी आली. वर्गाने तिचं नाव 'प्रश्नपत्रिका' ठेवलं होतं, कारण तास संपल्याची घंटा झाली तरी तिचे प्रश्न संपत नसत. गेले दोन आठवडे ती क्वचितच दिसत होती. हातात विषय सोडण्याचा अर्ज होता. तिची सही झालेली, माझी बाकी.

"वडील जिन्यावरून पडले, मॅडम. मांडीचं हाड मोडलंय. मी इस्पितळाच्या लॉन्ड्रीत लागलेय, बाराची पाळी. आपला तास एकला."

"सकाळची पाळी नाही मिळत?"

"ती जुन्या बायकांची. त्या गेल्याशिवाय नाही, आणि त्या जायच्या नाहीत."

अर्ज माझ्यासमोर होता. पेन हातात होतं. तिनं आज विषय सोडला तर पुढच्या वर्षी पुन्हा घेता येणार होता, बिनबोभाट. सोडला नाही आणि हजेरीअभावी नापास झाली, तर तिची फीमाफी जाणार होती. हे तिला माहीत होतं, मलाही. पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

"घाई कशाला करतेस? हुशार आहेस. टिपणं मी देईन. हजेरीचं बघू काहीतरी."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "होईन मी पास? तुम्हाला वाटतं?"

"हो."

तिचा चेहरा इतका मोकळा झाला, की मी खाली पाहिलं. "मग हा अर्ज तुमच्याकडेच राहू द्या," ती म्हणाली. "जवळ असला की परत मोह होतो." आणि पाळीची वेळ झाली म्हणून पळाली.

बाराला मी रोज अकरा वेळा देवाचं नाव घेते. ताप असो, परीक्षा असो, नेम चुकत नाही. त्या दिवशीही घेतलं. जीभ हलत होती इतकंच.

एकच्या तासाला धडा होता: विकणाऱ्याला जे माहीत असतं ते घेणाऱ्याला नसतं, तेव्हा बाजार कसा बिघडतो. मी जुन्या शिलाई मशीनचं उदाहरण घेतलं. वरून रंग दिलेली, आतून झिजलेली.

"विकणारा कधी सांगतो का मॅडम, की आमचं मशीन खटारा आहे म्हणून?" शेवटच्या बाकावरून एकजण म्हणाला. वर्ग हसला. वर्गात तो भाषण ठोकायचा म्हणून त्याला सगळे 'मंत्री' म्हणत.

"मग घेणाऱ्यानं काय करावं, मंत्री?"

"सोपं आहे. चांगलं आहे का, असं विचारूच नये. याच्यात तुला काय मिळतंय, ते आधी विचारावं."

उत्तर बरोबर होतं. मी ते फळ्यावर लिहिलं, माझ्याच अक्षरात, आणि लिहिता लिहिता खडू मोडला. उरलेला तास कसा घेतला आठवत नाही. बाकावरची डोकी मात्र दोनदा मोजली. उगाचच. यादीला डोक्यांशी काही देणंघेणं नसतं.

साडेतीनपर्यंत वह्या तपासल्या आणि अर्ज पुस्तकात घालून इस्पितळाची वाट धरली. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. ती वीस वर्षांची आहे, घोडी झाली आहे, तिनं ठरवलं ते ठरवलं, असं मनाला समजावत होते. मन बिचारं समजूतदार. लगेच पटत होतं त्याला. पाय तेवढे चालत राहिले.

लॉन्ड्री तळघरात होती. वाफेनं चष्मा धुरकटला. मोठ्या यंत्राच्या एका तोंडातून ओली चादर आत जात होती, दुसऱ्या बाजूला दोन बायका ती गरम गरम धरून घडी घालत होत्या. त्यातली एक ती. डोक्याला फडकं, बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या.

"अगं, तुझ्या मास्तरीणबाई का?" जोडीदारीण म्हणाली. "बरं झालं आल्या. एक टोक धरायला सांग."

मी खरंच एक टोक धरलं, कारण यंत्र थांबवता येत नव्हतं. चादर भाजत होती.

"सकाळी तू मला विचारलंस, पास होईन का," मी म्हटलं. "तेव्हा एक गोष्ट सांगितली नाही. यादीत पंचवीस नावं आहेत. तू गेलीस तर चोवीस होतात, वर्ग बंद होतो आणि माझं कामही जातं. मला काय मिळतंय ते तुला ठाऊक असायला हवं होतं."

तिनं घडी पूर्ण केली. दुसरी चादर आली. "मग आता खरं सांगा."

"एवढ्या हजेरीत तुला परीक्षेला बसू देणार नाहीत. खोटी हजेरी मी लावणार नाही. लावली तरी ती पकडली जाईल."

"सकाळी का नाही म्हणालात?"

"भ्याले."

जोडीदारीण एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती, पण घडी चुकली नाही.

"मी नुसतं नाव ठेवलं तर?" ती म्हणाली. "नापास होईन. वर्ग राहील तुमचा."

"आणि फीमाफी?"

"तुमच्या घरी कोण आहे?"

"ते तुझ्या निर्णयात धरू नकोस."

"सगळंच धरायचं असतं, असं तुम्हीच शिकवता. सकाळी तुम्ही धरलंतच की." हे तिनं लागेल असं म्हटलं, आणि लागलं. मग फडक्यानं तोंड पुसून म्हणाली, "सही करा. मला सहाशिवाय निघता येत नाही. नेऊन द्याल?"

गरम चादरींच्या ढिगावर अर्ज ठेवून मी सही केली. कागद थोडा ओलसर झाला.

कचेरीत पोहोचले तेव्हा पाचला सहा मिनिटं होती. खिडकीतला कारकून मला नऊ वर्षं ओळखतो. त्यानं अर्ज वाचला, यादी काढली, बोटानं नावं मोजली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, हे घेतलं तर किती होतात ठाऊक आहे ना? आपल्याच पायावर धोंडा?"

"ठाऊक आहे, भाऊसाहेब."

"हे भिंतीवरचं घड्याळ जरा पुढेच असतं. मी चहा घेऊन आलो, तर पाच वाजून गेलेले असतील. तुम्ही आलात, खिडकी बंद होती. कुणाचाच दोष नाही."

तो चांगल्या मनानंच म्हणत होता. मी खिडकीच्या दगडावर हात टेकले. दिवसभरात पहिल्यांदाच बसावंसं वाटलं, पण तिथं खुर्ची नव्हती.

"शिक्का मारा," मी म्हटलं. "वेळ लिहा खाली."

त्यानं मारला. चार पंचावन्न. पोच फाडून दिली आणि हळूच म्हणाला, "नोटीस सोमवारी लागेल. तोवर कुणाला सांगत नाही मी."

पोचेचा फोटो काढून मुलीला पाठवला. उत्तर आलं नाही. पाळी सुरू होती. मग ताईला फोन लावला.

"राहिले का पंचवीस?"

"चोवीस."

पलीकडे ती उठून बसल्याचा आवाज आला, गुडघ्यांसाठी ती नेहमी पलंगाला धरते तसा.

"कोण गेलं?"

"एक मुलगी. मीच नेऊन दिला अर्ज."

"असं होय," ताई म्हणाली. मग म्हणाली, "बसनं ये. आज चालत येऊ नकोस."