तुरटी फिरवलेलं पाणी

बुडून मेलेल्या माणसाच्या हाडातली मज्जा माझ्याकडे सरकारी लॅबमध्ये येते, आणि तो ज्या पाण्यात सापडला त्या पाण्याची बाटली. दोन्हींत मी डायटम शोधते, म्हणजे पाण्यातलं नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. जिवंत माणूस बुडताना पाणी ओढतो, तेव्हा हे शेवाळही रक्तातून मज्जेपर्यंत पोचतं. दोन्हीकडचं जुळलं, तर माणूस त्याच पाण्यात बुडाला. चोवीस वर्षं मी हेच जुळवते आहे, आणि निष्काळजी पोलिसांवर तितकीच वर्षं खेकसते आहे.

होसकोट्याच्या एका तळ्यात अनिलकुमार सापडला, तेव्हा मज्जेत डायटम भरपूर होते आणि तळ्याच्या बाटलीत एकही नाही. मी लिहून दिलं, हा माणूस या पाण्यात बुडालेला नाही. पोलिसांना तेवढं पुरलं. मेहुण्याशी, प्रवीणकुमारशी, त्याचं भांडण होतं आणि प्रवीणकुमारच्या जागेत उघडी विहीर होती. त्याला तुरुंगात टाकलं.

महिन्याने हवालदार कृष्णमूर्ती विहिरीचं पाणी घेऊन आला. अगदी नितळ.

"विहीर नुकतीच उपसली का हो?"

"नाही मॅडम, गाळच गाळ आहे. तुरटी फिरवली, निवळू दिलं, वरचं ओतून आणलं. मागे तळ्याचंही तसंच केलं. एवढ्या मोठ्या ऑफिसात घाण पाणी कसं द्यायचं?"

शेवाळ तुरटीने तळाशी बसलं होतं आणि याने ते फेकून दिलं होतं. ओरडायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. वास मारणाऱ्या तळ्याचं पाणी पिण्यासारखं नितळ आलं, हे पहिल्याच दिवशी मला खटकायला हवं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मी बरोबर पकडते. माझं मुसळ राहून गेलं.

मी स्वतः जाऊन दोन्हीकडचं पाणी भरलं. तळ्याचं जुळलं, विहिरीचं नाही. माझा पहिला अहवाल चुकीचा होता, असं लिहून सही केली. लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

प्रवीणकुमार सुटणार त्या सकाळी अनिलकुमारची बायको हेमावती लॅबमध्ये आली. सहीवरून तिने ओळखलं होतं, मी मराठी; तिच्याही घरी मराठीच.

"कस्तुरीअक्का, स्वल्प बोलायचं होतं. माझ्या भावाने नाही केलं ना?"

"नवरा तळ्यातच बुडाला. पाय घसरला की काय झालं, ते मला कळत नाही. पण विहिरीत नाही, एवढं नक्की."

ती बाकावर बसली. "तुमचा पहिला कागद ऐकला आणि कोर्टाबाहेर मी त्याच्या तोंडावर थुंकले. आईने हाय खाल्ली, ती गेली. वकील म्हणाले, अर्ज करू, मुलाला अग्नी द्यायला सोडतील. मी म्हणाले, त्याला कळवूसुद्धा नका. चुलतभावाने अग्नी दिला." मग म्हणाली, "बाहेर आल्या आल्या तो आधी आईचंच विचारणार."

मी ॲप्रन काढून खुर्चीवर टाकला.

"चल, तुरुंगाकडे जायला ऑटो बघू," म्हटलं. "आईचं मी सांगते. कुणाच्या कागदामुळे ते पण मीच सांगते."