पाटलाच्या दारातला हापसा

मित्रांनो, पुस्तकात मला हातपंप म्हणतात म्हणे. म्हणू देत बापडे! राजूरच्या वाटेवरच्या आमच्या वाडीत मी हापसा आहे. आता दांडा गंजलेला, जुना हापसा.

माझा जन्म जालन्याच्या एका कारखान्यात झाला. १९८४ साली परदेशातल्या एका संस्थेनं मला वाडीला फुकट दिलं. फुकट म्हणजे अगदीच फुकट नाही हं! एक अट होती. सगळ्या वाडीनं, बायकांनीसुद्धा, हात वर करून पाणी समिती निवडायची आणि मला कुठं बसवायचं ते त्या समितीनं ठरवायचं. पाण्याच्या निमित्तानं गावात लोकांचं राज्य येईल, असं त्या संस्थेला वाटायचं. हेतू चांगलाच होता, उगाच नावं कशाला ठेवू?

पण कारभारी पाटलांनी, म्हणजे वाडीतल्या सगळ्यांत मोठ्या जमीनदारानं, काय केलं? हो हो म्हणून मला स्वतःच्या दारापुढं बसवून घेतलं आणि समितीत स्वतःला, भावाला अन् जावयाला घातलं. मतदान झालंच नाही. तरी बायका खूश होत्या, कारण लांबच्या झऱ्याची पायपीट वाचली होती. झुंबरबाई पहिल्या दिवशी माझा दांडा धरून म्हणाली, "आता माझी बेबीनंदा रोज शाळंत जाईल बगा." बेबीनंदा तिची थोरली लेक, तेव्हा चौथीत होती. मला काय आनंद झाला सांगू! भरभरून पाणी दिलं मी.

तीन वर्षांनी माझ्या पोटातलं चामड्याचं वायसर झिजलं. दांडा हालायचा, पण पाणी वर येईना. संस्थेचे धर्मराज साहेब जीप घेऊन आले. निवडणूक झालीच नव्हती हे त्यांना कळलं, आणि परदेशातून हुकूम आला की मतदान होईपर्यंत दुरुस्ती बंद. पाटलांना वठणीवर आणायचा हाच उपाय आहे, असं त्या लोकांना मनापासून वाटत होतं.

अहो, पण पाटलांची मळ्यात स्वतःची विहीर, तिच्यावर मोटार! त्यांना कसली आलीय तहान? उलट ते पारावर बसून सांगू लागले, "परदेशी लोकांनी आपलं पाणी तोडलं. आपल्या गावात यांची ढवळाढवळ कशाला?" जो मान डोलवी त्याला त्यांच्या विहिरीवर घागर भरू देत. कालपर्यंत कुरकुरणारेही पाटलांचे झाले. झुंबरबाईला मान डोलवणं जमलं नाही, आणि सातवीत गेलेल्या बेबीनंदाची शाळा सुटली. ती माझ्यासमोरून रिकामी घागर घेऊन झऱ्याकडे जायची, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

असं दोन वर्षं चाललं. मग एकदा साहेब आले, तेव्हा झुंबरबाई आणि तिची शेजारीण चाँदबी जीपपुढंच उभ्या राहिल्या.

"साहेब, पाटलाच्या घरी रांजण भरलेले हायेत. तहान आमी सोसून राह्यलो," झुंबरबाई म्हणाली. "हापसा जल्दी दुरुस्त करा."

"दुरुस्त केला तर पाटील मतदान घेणारच नाहीत," साहेब म्हणाले. तेही काही खोटं नव्हतं.

"ते आमच्यावर सोडा. तुमी फकस्त त्या दिवशी हात मोजायला या."

"अन् बराबर मोजा," चाँदबीनं बजावलं. "बायांचे बी."

साहेबांना पटलं, पण वरून परवानगी येईना. बायका काही वाट बघत बसल्या नाहीत. रानात कापूस फुटून पांढरा झाला होता, आभाळ भरून येत होतं, आणि पाटलांच्या वेचणीला एकही बाई गेली नाही. त्यांची मजुरी बुडाली, लेकरं अर्धपोटी राहिली. पण हा उपास त्यांनी स्वतः धरला होता, दुसऱ्या कुणी लादला नव्हता. पाटील स्वतः झुंबरबाईच्या दारात आले, तेव्हा ती म्हणाली, "आमचे हात मतदानाला चालत न्हाईत, मंग वेचणीला कसे चालतील?"

कापूस गळून मातीत पडू लागला, तशी पाटलांनी मुकाट्यानं सभा बोलावली. साहेब हात मोजायला आले. झुंबरबाई आणि चाँदबी दोघी निवडून आल्या, अन् त्याच दिवशी माझ्या पोटात नवं वायसर बसलं. संस्था म्हणाली, पाहा, आमच्या बंदीचा गुण आला! थोडा आला असेलही, मी नाही कशाला म्हणू?

पहिली घागर बेबीनंदानं भरली. झुंबरबाई हसून म्हणाली, "जा पोरी, आता शाळंत जा."

"आई," ती माझा दांडा न सोडता म्हणाली, "माझ्यासंगच्या पोरी पार नववीत गेल्या. मी आता कुणापाशी बसू?"

पुढं वाडीत नळ आले, मला कुणी विचारीनासं झालं. संध्याकाळी पाटलांच्या टीव्हीवर बातम्या लागतात. दूरच्या कुठल्या देशाचा राजा हटून बसला म्हणून जगानं त्या देशाशी व्यापार बंद केला, असं कधी ऐकू येतं. मला तो राजा दिसत नाही. मला तिथली एखादी बेबीनंदा दिसते.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही कुणाला तरी सुधारायला निघाल. जरूर निघा. पण एखाद्या घरचं पाणी तोडण्याआधी एवढं विचारा, त्या घरात पाणी भरतं कोण?