पाच अक्षरांची बेरीज

शालोम पेणकर गेले आणि ग्वाल्हेरात बेने इस्राएली ज्यू समाजाचं एकच माणूस उरलं, त्यांची बायको मिल्काबाई. एके काळी रेल्वेच्या नोकऱ्यांमुळे स्टेशनजवळच्या पडाव भागात अशी सहा घरं होती. कुणी ठाण्याला परतलं, कुणी इस्राएलला गेलं. मिल्काबाईंचा एकुलता एक मुलगा एलियासुद्धा तिकडेच, अश्दोद शहरात जाऊन स्थिरावला होता. रोज फोन करायचा आणि रोज एकच विचारायचा, "आई, कधी येतेस?"

"बघू," मिल्काबाई म्हणायच्या.

शुक्रवारी सूर्य कलला की त्या दिवा लावत, प्रार्थनेच्या चार ओळी म्हणत. "आमेन" म्हणायला दुसरं कुणी नसे. शेजारी चांगले होते. दिवाळीचा फराळ येई, संक्रांतीला तिळगूळ येई. पण आज आपला कोणता सण आहे, हे त्यांना दरवेळी पहिल्यापासून सांगावं लागे. पुढे पुढे त्यांनी सांगणंच सोडलं.

शालोम रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर त्यांना हिब्रू अक्षरांचं वेड लागलं. हिब्रूत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. शब्दातले आकडे मिळवायचे, त्याच बेरजेचा दुसरा शब्द शोधायचा, मग त्या दोघांत काय गुपित आहे ते हुडकायचं. जगभर विखुरलेले लोक चारी दिशांनी पुन्हा गोळा होतील, असं धर्मग्रंथात यशया संदेष्ट्याने सांगून ठेवलंय. ते नेमकं कधी, हे शालोमना आकड्यांतून काढायचं होतं. मिल्काबाई चिडायच्या. "आपण दोघं तर इथे एकाच टेबलाशी आहोत. आधी जेवून घ्या, मग गोळा करा सगळ्यांना."

आता ते टेबल होतं आणि वही होती.

वहीची बहुतेक पानं त्यांना कळली नाहीत. शेवटची पानं मात्र वेगळी होती. तिथे बेरजा नव्हत्या. पाचच अक्षरं, पुन्हा पुन्हा लिहिलेली: ताव, नून, सादे, बेथ, हे. आधी वाकडीतिकडी, मग सुबक, आणि अगदी शेवटच्या पानावर तळहाताएवढी मोठी. खाली मराठीत बारीक टीप, "हे: फट सोडणे."

वहीच्या पहिल्या पानावर आकड्यांचा तक्ता होता. मिल्काबाईंनी तो पाहून बेरीज केली. चारशे, पन्नास, नव्वद, दोन, पाच. पाचशे सत्तेचाळीस.

मोबाइलवर भविष्यवाण्यांचे व्हिडिओ करणारा एक माणूस शालोम नेहमी ऐकत. मिल्काबाईंनी त्याला ते पान पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, "बहनजी, ये दिन गिनने का इशारा है. उनके जाने के पाँच सौ सैंतालीसवें दिन आपको बुलावा आएगा."

त्यांनी कॅलेंडरवर दिवस मोजून खूण केली. एलियाला म्हणाल्या, "त्या दिवसापर्यंत तिकिटाचं नाव काढू नकोस."

"आई, तूसुद्धा?"

"तुझ्या बाबांनी उगाच लिहिलं असेल का?"

 मिल्काबाईंना मात्र बरं वाटत होतं. वाट बघायला काहीतरी मिळालं होतं.

वर्ष भरत आलं, तसं थडग्यावर दगड बसवायचं काम निघालं. ठाण्याच्या हझ्झानांनी, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांनी, मजकूर मोबाइलवर पाठवला. वर नाव, मग तारीख आणि सगळ्यांत खाली तीच पाच अक्षरं.

मिल्काबाईंनी लगेच फोन लावला. "हे खालचं काय आहे?"

"ते सगळ्यांच्याच दगडावर असतं, मिल्काबाई. पाच शब्दांची पहिली अक्षरं आहेत. त्याचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो, असा अर्थ."

"त्याची बेरीज?"

"बेरीज कशाला करायची? आशीर्वाद आहे तो."

फोन ठेवून त्यांनी वहीचं शेवटचं पान काढून मजकुराशी ताडून पाहिलं. मग वही पिशवीत घातली आणि रिक्षा करून दगडाचं काम करणाऱ्या बळवंतकडे गेल्या. बळवंत तिथलाच मराठा, पन्नाशीचा, नावं कोरण्यात हात बसलेला. त्याने शेवटचं पान उजेडात धरलं.

"ताई, हे तर आमच्यासाठीच काढलंय. बघा, बाजूला उंची लिहिली आहे, दोन अक्षरांतलं अंतर लिहिलंय. सीधा दगडावर उतरवता येईल."

"त्यांना ठाऊक होतं तर," मिल्काबाई हळूच म्हणाल्या. डॉक्टरांकडून येऊन शालोम "गॅस आहे" म्हणाले होते. गावात आपली लिपी कुणाला येत नाही, बायकोची पंचाईत होईल, म्हणून टेबलाशी बसून ते स्वतःच्या दगडाची अक्षरं गिरवत होते. आणि मिल्काबाई स्वयंपाकघरातून जेवायला या म्हणून ओरडत होत्या.

बळवंतने बोट ठेवलं. "हे टूटलेलं आहे का? हा पाय वर जोडून देऊ?"

"नको, जोडू नका. जोडलं की दुसरं अक्षर होतं. हे असंच असतं."

"याला काय म्हणतात?"

"हे."

"हो, हेच. याचं नाव काय?"

"नावच हे."

बळवंत हसला. मिल्काबाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. बेचाळीस वर्षं चारचौघांत नवऱ्याबद्दल बोलताना त्यांनी 'हे' सोडून दुसरं नाव घेतलं नव्हतं.

जानेवारीतल्या एका रविवारी दगड बसला. धुकं होतं. कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. अश्दोदला एलियाने दहा जण जमवले आणि मिल्काबाईंनी फोन दगडासमोर धरला. अर्ध्यात रेंज गेली. त्या फोन बंद करून लहानपणी पाठ केलेलं स्तोत्र मराठीत म्हणाल्या.

ते संपल्यावर त्या दगडाला म्हणाल्या, "मला सांगायचं होतंत. मी काय खाल्लं असतं तुम्हाला? दोघं मिळून बसलो असतो. इतकी वर्षं शिवणकाम शिकवलंय मी, रेघा सरळ मारता येतात मला."

बळवंत अवजारं गोळा करण्याच्या निमित्ताने लांब गेला. परत आला तेव्हा त्या चष्मा पुसत होत्या.

"ताई, ही शेजारची जागा?"

"माझी. तेव्हाही तुम्हीच कोरा. बाईमाणसालाही तीच पाच अक्षरं चालतात."

"बघू कोण आधी जातंय," बळवंत म्हणाला.

संध्याकाळी एलियाचा फोन आला. पाचशे सत्तेचाळीसाव्या दिवसाला अजून सहा-साडेसहा महिने होते. "मग तोपर्यंत थांबणार तू?" त्याने विचारलं.

"नाही रे. बोलावणं वगैरे काही नाही. पासपोर्टची मुदत संपली आहे, उद्या त्याचं विचारून येते. तीन महिने राहीन, मग परत येईन."

"परत कशाला? तिथे कोण आहे आता?"

मिल्काबाईंनी खिडकीतून पाहिलं. धुक्यात पडावकडचे दिवे लागत होते.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "तरी येईन."