डॉक्टर, उजवं

माझं घोडं नेहमी अर्जातल्या एकाच रकान्यात अडायचं. शिक्षण. तिथे मी ‘नर्सिंग डिप्लोमा’ लिहायचे आणि समोरची माणसं अशी बघायची, जणू मी चुकून शेजारच्या दारात शिरलेय. विमान चालवायचा परवाना होता, उड्डाणाचे तास इतरांइतकेच होते. नोकरी सांभाळून गणित आणि भौतिकशास्त्राचे पेपर बाहेरून दिले होते, तेही चांगल्या मार्कांनी. तरी पहिला प्रश्न ठरलेला: नर्सिंगमधून इकडे कशा काय? दोन विमान कंपन्यांनी एवढंच विचारून चहा पाजून घरी पाठवलं होतं. बाबा म्हणायचे, आमची लेक धड ना इंजेक्शनची, धड ना इंजिनाची.

ही तिसरी कंपनी. इथेही नकार आला तर मुकाट्याने वॉर्डात परत जाईन, असं मी आईला कबूल करून बसले होते. वॉर्डावर माझा राग नाही. पण एकदा स्वतःच्या हाताने विमान वर नेलं की माणूस बिघडतो, मी पार बिघडले होते.

बाहेर बाकावर आणखी दोघं होते. एक गणितातला सुवर्णपदकवाला, दुसरा विमानांचाच इंजिनिअर. इंजिनिअरने मला अगदी सौजन्याने सांगितलं की हवाईसुंदरींच्या मुलाखती वरच्या मजल्यावर आहेत. तळपायाची आग मस्तकात गेली. मी गोड हसले. नर्सचं ते हसू फार कामाचं असतं, आत काय चाललंय ते पेशंटला कळत नाही.

दोघंही आत जाऊन खुशीत बाहेर आले. मग माझी पाळी.

आत अर्ज चाळणाऱ्या एक बाई होत्या आणि पांढऱ्या मिशांचे एक कॅप्टन. बाईंचं बोट थेट त्या रकान्यावर गेलं. ठरलेला प्रश्न झाला, माझं ठरलेलं उत्तर झालं. मग कॅप्टन उठले. त्यांनी मला कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांकडे नेलं. समोर भिंतीवर कॉकपिटचं मोठं छायाचित्र चिकटवलेलं. ते कॅप्टन, मी को-पायलट. माझ्या हातात एक कार्ड दिलं, ते मी मोठ्याने वाचलं: उजव्या इंजिनाला आग.

“डावं इंजिन बंद करा,” कॅप्टन म्हणाले. मी थांबले, तसा त्यांचा आवाज चढला. “लवकर.”

माझा हात आपोआप पुढे गेला आणि छायाचित्रातल्या डाव्या इंजिनाच्या दांड्यावर आडवा बसला, तो कुणी ओढू नये म्हणून.

“डॉक्टर, उजवं,” मी म्हणून गेले. “डाव्याला हात लावायचा नाही.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मी जीभ चावली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाकी सगळं जमवत आणलं होतं, आणि भर मुलाखतीत कॅप्टनला डॉक्टर करून ठेवलं.

हे डॉक्टर कोण, असं कॅप्टननी विचारलं. आता लपवायचं काय राहिलं होतं? सांगून टाकलं. ऑपरेशन थिएटरमधलं माझं पहिलं वर्ष. फार मोठे सर्जन, सगळे त्यांना टरकून. कागदावर उजवा गुडघा लिहिलेला आणि ते उभे राहिले डाव्यापाशी. कुणी तोंड उघडेना. माझ्या तोंडून हेच शब्द निघाले. ते माझ्यावर जोरात ओरडले, तरी मी कागद त्यांच्यापुढे धरला. मग त्यांनी कागद पाहिला आणि गुपचूप पलीकडे जाऊन उभे राहिले. त्यानंतर माझ्याकडून कागद वाचून घेतल्याशिवाय त्यांनी कधी हत्यार उचललं नाही.

कॅप्टन मिशीत हसले, मग मिशीत मावेना म्हणून मोठ्याने.

“बाहेरचे ते दोघं गणितात तुमच्या कितीतरी पुढे आहेत,” ते म्हणाले. “दोघांनीही डावं बंद केलं.”

बाईंनी माझा अर्ज पुन्हा उघडला आणि त्या रकान्यापुढे बरोबरची खूण केली.

“सोमवारी प्रशिक्षणाला या,” कॅप्टन म्हणाले. “आणि मी चुकलो तर असंच अडवा. डॉक्टर म्हणालात तरी चालेल.”

तोंडी सांगितलेलं परत म्हणून दाखवायचं, ही दवाखान्यातली शिस्त आणि विमानातलीही.

“सोमवारी प्रशिक्षणाला यायचं,” मी म्हणाले. “तुम्ही चुकलात तर अडवायचं.” सोमवार म्हणतानाच मी त्या दोघांसमोर हसत हसत रडायला लागले. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

कॅप्टननी ऐकून घेतलं आणि मान हलवली. “बरोबर,” ते म्हणाले.