सोन्याखालचं हिरवं पाणी

मी एक जुना…

नाही. मित्रांनो, पहिल्याच शब्दाला चूक झाली. मी जुना नाही. मला अजून वर्षही झालेलं नाही. माझी काच शाबूत आहे, रबर मऊ आहे. तरी मला जुन्यासारखं वाटतं. ज्याला फसवलं जातं तो लवकर जुना होत असावा.

मी मनगटावर बांधायचा पट्टा आहे. पावलं मोजतो, झोप मोजतो, नाडीचे ठोके मोजतो. वेळही दाखवतो म्हणून लोक मला घड्याळ म्हणतात. माझ्या पोटाशी एक बारीक दिवा आहे. तो कातडीला टेकला की आतलं रक्त मला दिसतं.

आधी जन्म, मग कष्ट, मग कौतुक, मग अडगळ, असं ओळीनं मला सांगता येणार नाही. मला ठोके तेवढे आठवतात. तेव्हा ठोक्यांनीच सांगतो.

ठोके : नाहीत

डब्यात होतो. डब्यावर छापलं होतं, ‘त्वचेला सुरक्षित’. मी ते रोज वाचायचो. दुसरं वाचायला काही नव्हतं.

डबा उघडला तो कोइमतूरला, नानासोमामाच्या दुकानात. नानासोमामा विट्याजवळच्या एका वाडीतला. त्या बाजूची पुष्कळ माणसं देशभर गलाईची दुकानं थाटून बसली आहेत. गलाई म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. मामा त्यात तीस वर्षं मुरलेला. तेजाबानं बोटांची टोकं पिवळी पडलेली. खरं काय नि खोटं काय, हे तो डोळा बारीक करून सांगायचा आणि बाजार ते मानायचा.

मला त्यानं भाचीसाठी घेतलं होतं. फोन कानाला होता. पलीकडून त्याची बहीण धोंडुबाई बोलत होती.

“नाना, पोरीला खोटं सोसत न्हाई बरं का. बाजारातली फुलं घातली की कान चिघळत्यात तिचं. ध्यान ठेव.”

“आवं आक्का, मी काय आज सोन्यात हाय व्हय? भाचीच्या अंगाला मी खोटं लावीन?”

मामानं मला उलटं केलं. माझं बकल साध्या पोलादाचं होतं. त्यानं ते निरखलं आणि तोंड वाकडं केलं. मग बकल सोडवून शेजारच्या मुलाम्याच्या दुकानात नेलं आणि शेवटपर्यंत तिथंच उभा राहिला.

बकल म्हणजे माझंच अंग. म्हणून मला आठवतं. आधी मला एका हिरव्या पाण्यात बुडवलं. बराच वेळ. मग धुतलं आणि सोन्याच्या पाण्यात बुडवलं. थोडाच वेळ. बाहेर आलो तेव्हा असा झळकत होतो की मामा स्वतःशीच हसला.

ते हिरवं पाणी कशाचं, हे मी तेव्हा विचारलं नाही. प्रेमानं कुणी अंघोळ घालत असेल तर पाणी कसलं, असं कोण विचारतं?

ठोके : ५८

हे राणीचे. बसलेली असताना अठ्ठावन्न. एवढी शांत नाडी पळणाऱ्यांचीच असते.

राणी एकोणीस वर्षांची. दिवाळीला मामानं मला तिच्या हातात बांधलं आणि दुसऱ्या दिवशी ती साताऱ्याला निघाली. तिथं फौजेच्या भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका अकादमीत ती राहायची. तिच्या वाडीतली एकही मुलगी आजवर वर्दीत गेली नव्हती. राणीला पहिली व्हायचं होतं. याहून वेगळं काही मागताना मी तिला ऐकलं नाही.

अकादमी निवृत्त सुभेदार मानसिंगांची. आवाज असा की माझा काटा हलावा. मला काटा नाही, ही गोष्ट वेगळी.

“सोळाशे मीटर! सात मिनिटं! पोरींनो, फौज तुमची मावशी न्हाई, वाट बघत बसायला!”

ठोके : १८१

अजिंक्यताऱ्याचा चढ. राणी पळते आहे आणि मी तिच्याबरोबर. हे माझे चांगले दिवस. सात मिनिटं चाळीस. सात एकतीस. सात बावीस. धाप लागली की ती माझ्याकडे बघायची, मी आकडा दाखवायचो आणि ती पुन्हा सुटायची. सुभेदार इतर मुलींना म्हणायचे, “राणीच्या घड्याळाकडनं शिका जरा. ते बी थांबत न्हाई.” अख्ख्या आयुष्यात माझं एवढंच कौतुक झालं.

खोलीतली मैत्रीण भाग्यश्री. तासगावकडची, द्राक्षबागायतदारांची मुलगी. अभ्यासात हुशार, पळण्यात बेताची, बोलण्यात कुणाला ऐकायची नाही.

“सोन्याचं बकल आणि पायात फाटके बूट,” ती म्हणायची. “राणे, तुझा मामा पायाकडं बघत नाही का गं?”

ठोके : ६४

फेब्रुवारी. बसलेली आहे, तरी चौसष्ट. झोप मोडते, कारण हात खाजतो.

आधी बकलाखाली लाल चट्टा उठला. मग त्यावर बारीक पाण्याचे फोड. मग ते फुटले आणि पाणी वाहू लागलं. ते माझ्यावरच वाहायचं. घामानं आणि घासण्यानं माझ्यावरचं सोनं कडेला पातळ झालं होतं आणि खालून काहीतरी पांढुरकं डोकावत होतं. मला ते जाणवायचं. तिला दिसायचं नाही.

“घड्याळ काढ की,” भाग्यश्री म्हणाली.

“त्याचं काय काढू? सोनं हाय ते. सोन्यानं कुणाला कवा काय झालंय व्हय? हितल्या साबणाचं असंल.”

तिनं साबण बदलला. पाणी बदललं. मलम लावलं आणि मलमावर मला बांधलं. तिच्या घरात अंगाला काही झालं की वस्तू खोटी निघायची. सोन्यावर कुणी संशय घेतलाच नव्हता.

सुभेदारांनी एकदा विचारलं, “हाताला काय झालंय?”

“काय न्हाई सर.” आणि तिनं मला जखमेवर सरकवलं.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझं काम बदललं. जी जखम मी करत होतो, तीच मी झाकू लागलो.

ठोके : ११२

हे राणीचे नाहीत. नीट लक्षात ठेवा.

चैत्रातली गावची यात्रा. मामा कोइमतूरहून आला होता. दुपारी पडवीत राणीनं मला काढलं आणि हात त्याच्यापुढे धरला. पंधरा दिवसांवर तिची वैद्यकीय तपासणी होती. पळण्याची परीक्षा तिनं पार केली होती, लेखी पार केली होती. उरलं होतं ते हेच.

“मामा, ह्यात सोन्याबिगर दुसरं काय न्हाई न्हवं?”

मामानं मनगट पाहिलं आणि पाहतच राहिला. मग मला उचललं. त्याचा अंगठा माझ्या दिव्यावर टेकला आणि त्याचं रक्त मला दिसलं. नव्वद. शंभर. एकशे बारा.

त्याला हिरवं पाणी आठवलं होतं.

त्या क्षणी त्यानं सांगितलं असतं तर आजचं माझं बोलणं इथंच संपलं असतं. पण पडवीत चार माणसं बसली होती. तीस वर्षं ज्याचा शब्द बाजारानं मानला, तो चार माणसांत कसा सांगणार? त्यानं पिशवीतून कसोटीचा काळा दगड काढला. बकलाची वरची, न झिजलेली बाजू त्यावर घासली. पिवळी रेघ उठली. तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ गेली नाही.

“बघा समदी. सोनंच हाय.”

“मग हे कशानं?”

“घामानं. घड्याळ हलतंय म्हणून कातडं सोलतंय. एक भोक घट्ट बांध. हलू देऊ नगंस.”

राणीनं मला एक भोक घट्ट बांधलं. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. मला ओरडता येत नाही. मी फक्त मोजतो. पण मोजलेलं पुसत नाही.

ठोके : ९६

तपासणीचा कक्ष. रांगेत उभी आहे. पुढच्या मुलीच्या पाठीकडे बघते आहे.

“घड्याळ उतरवा,” डॉक्टर म्हणाले.

ठोके : नाहीत

टेबलावर पालथा पडून मी ऐकलं. “त्वचारोग. तात्पुरती अपात्र. चाळीस दिवसांत फेरतपासणी. तेव्हा बरं दिसलं नाही तर संपलं.”

बाहेर येऊन राणी भिंतीला टेकून बसली. रडली नाही. भाग्यश्रीनं मला रुमालात गुंडाळलं आणि तिला हाताला धरून साताऱ्यातल्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी तीनच प्रश्न विचारले. कानात काय घालतेस? जीन्सच्या बटणाखाली खाजतं का? आणि हे बकल कशाचं?

“सोन्याचं,” राणी म्हणाली.

बाईंनी कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकले आणि माझी झिजलेली कड पुसली. बोळा गुलाबी झाला.

“खाली निकेल आहे. तुझ्या अंगाला तेच सोसत नाही. खोट्या दागिन्यांतही बहुतेक वेळा तेच असतं. घामानं ते सुटून कातडीत उतरतं. हे काढून टाक, औषध लाव. हात भरून येईल.”

म्हणजे ‘त्वचेला सुरक्षित’ हे खोटं नव्हतं. डब्यातून निघालो तेव्हा मी खरोखर तसाच होतो. मला बदललं ते माझ्यावर माया करणाऱ्यानं.

राणी मामाच्या बाजूनंच बोलत राहिली. “त्यांला ठाव नसंल गं. ते कशाला मुद्दाम करतील?”

भाग्यश्री राणीच्या फोनवर माझ्या नोंदी बघत होती. हात कधीपासून बिघडला, ते औषधाच्या चिठ्ठीसाठी हवं होतं. एकदम थांबली.

“यात्रेदिवशी दुपारी एकशे बारा ठोके? पळत होतीस का?”

“न्हाई. मामाला हात दाखवत बसले हुते.”

“घड्याळ कुठं होतं?”

राणीनं आपल्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. मग हळू म्हणाली, “मामाच्या हातात.”

“मग हे ठोके कुणाचे, राणे?”

मित्रांनो, मला बोलता येत नाही असं मी म्हणालो. ते तेवढंसं खरं नाही.

ठोके : ८८

मामाचे. यात्रेपासून तो गावीच होता; आज परतीच्या गाडीला निघाला होता, बॅग उंबऱ्याबाहेर होती. साताऱ्याहून तडक आलेल्या राणीनं वाट अडवली.

“मामा, हात करा.”

“काय गं?”

“करा तर.” तिनं मला त्याच्या मनगटावर बांधलं. एक भोक घट्ट. “आता सांगा. सोन्याखाली काय हुतं?”

धोंडुबाई चुलीपासून उठून दारात आली.

९५.

“थेट पोलादावर सोनं धरत न्हाई, पोरी. आदी दुसरा हात द्यावाच लागतो.”

“कशाचा?”

१०९.

“समदीच देत्यात.”

“कशाचा, मामा?”

१२०.

“निकेलचा.”

“यात्रेला ठाव हुतं?”

मामानं बहिणीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “चार माणसं बसली हुती गं.”

“मी बी बसले हुते की मामा तितंच.”

भावाच्या हातात बांधून दिलेला भाकरीचा डबा धोंडुबाईनं परत घेतला आणि आत गेली. मामा मला काढायला गेला.

“राहू दे ते,” राणी म्हणाली. “माझ्या कामाचं न्हाई आता. तुमचंच हाय.”

ठोके : ७६, ७७, ७६

कोइमतूर. मामाची कातडी तेजाबानं राठ झालेली, तिला माझं काही होत नाही. ज्यानं मला विषारी केलं त्याच्याच हातावर मी नुसता एक दागिना आहे. माझ्या वाट्याला सगळ्यात वाईट काय आलं असेल तर हे.

इथं कुणी पळत नाही. दिवसाला नऊशे पावलं. चढाची सवय लागलेल्याला नऊशे पावलं म्हणजे काय, ते तुम्हीच समजा.

ठोके : १२४

एकोणचाळिसावा दिवस. फोन वाजला. राणीचं नाव पाहून मामा उभा राहिला.

“मामा, पास.”

“पास?”

“हात कोरडा हाय. डाग हाय थोडा. डाक्टर म्हणलं डागाला काय न्हाई.”

मामा खाली बसला. ११०. ९८. मग त्यानं विचारलं, “राग गेला का गं?”

राणीच्या मागे कुठंतरी सुभेदार कुणावर तरी ओरडत होते.

“घड्याळ हातात हाय का?”

“हाय.”

“मग काढू नगा. पुढच्या यात्रेला याल तवा फोनला जोडून बघणार हाय मी. वर्षाचं समदं ठोकं.”

फोन बंद झाला.

मित्रांनो, मला पुसत जा, वेळेवर चार्ज करा, असं काही मी मागणार नाही. माझी विनवणी दुसरी आहे. मायेनं कुणाच्या अंगावर काही चढवाल, तेव्हा त्याच्या खाली काय आहे ते आधी विचारून घ्या. आणि कुणी हात पुढे करून तुम्हाला विचारलं तर पडवीत किती माणसं बसली आहेत ते मोजू नका. मोजायचं काम माझं आहे.

आणखी एक. वर्षाचे ठोके माझ्यात मावत नाहीत. फोन जवळ नसला तर आठवड्यापलीकडचं सगळं माझ्यातून गळून जातं. राणीला हे पक्कं ठाऊक आहे.

मामाला नाही.

आत्ता एक बाई दुकानात आली आहे. तिनं बांगडी काउंटरवर ठेवली आणि विचारलं, सगळं सोनंच आहे ना? मामानं दगडाकडे हात नेला. मग माझ्याकडे पाहिलं.

ठोके : १०३

त्यानं दगड बाजूला सारला आणि बांगडी आतपर्यंत घासून बघायला कानस उचलली.